बेस गिटार घेताना दोन बेसची तुलना कशी करायची

मोबाईलवर दोन बेसच्या आवाजाची तुलना करणारे व्हिडिओ बघून बेस घ्यायला निघाला असाल तर जरा थांबा. चार तारांच्या बेसची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला ४१ वेळा थरथरते. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला हा स्वर पेलतच नाही. त्यातून ऐकू येतात ते वरचे उपस्वर, आणि खालचा मूळ स्वर आपला मेंदू पदरचा घालून पुरा करतो. म्हणजे ज्यासाठी बेस घ्यायचा, नेमकं तेच व्हिडिओत नसतं. बरे हेडफोन लावले तर थोडाफार अंदाज येतो, पण खरी तुलना हातात घेऊनच होते.

आपल्याकडची अडचण वेगळीच. लातूर, परभणी, बीडच्या वाद्यांच्या दुकानांत ढोलकी, हार्मोनियम, साधी गिटार सहज मिळते. बेस असला तर एखादाच, आणि त्याच्यासमोर ठेवायला दुसरा नसतो. म्हणून बरेच जण पुणं-मुंबई गाठतात, नांदेडकडच्यांना हैदराबाद सोयीचं पडतं. इतका प्रवास करून दुकानात गोंधळ उडू नये म्हणून पुढचा क्रम.

१. आधी पट्टी विचारा, मग तारा ठरवा

चार तारा की पाच, हा पहिला प्रश्न. ऑर्केस्ट्रात, भीमगीतांच्या कार्यक्रमात किंवा भजनाच्या साथीला वाजवायचं असेल तर त्याचं उत्तर गायकाच्या पट्टीत आहे. चार तारांचा बेस खाली ‘ई’पर्यंत जातो, म्हणजे पांढरी ३. गायक काळी १ मध्ये गात असेल तर तुमचा षड्ज ‘ए’ तारेच्या चौथ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) येतो, काळी २ असेल तर सहाव्या फ्रेटवर. वाजवायला हरकत काहीच नाही, पण त्याच्या खालचा षड्ज या बेसवर नाही. पाच तारांच्या बेसवर तो ‘बी’ तारेच्या दुसऱ्या आणि चौथ्या फ्रेटवर मिळतो.

मोह होतो, पण दुसरी बाजूही बघा. मोकळी ‘बी’ तार ३१ हर्ट्झला वाजते. मंडपातले बरेचसे स्पीकर तो स्वर नीट काढत नाहीत, नुसता घरघराट ऐकू येतो. शिवाय नेक, म्हणजे बेसची मान, रुंद होतो आणि जास्तीची तार सतत दाबून गप्प ठेवावी लागते. पहिलाच बेस असेल तर चार तारांचा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. अपवाद एकच: ग्रुप ठरलेला आहे आणि गाणी कायम काळी १ किंवा काळी २ मध्येच होतात.

दुसरी गोष्ट लांबी. नेहमीचा बेस ३४ इंच स्केलचा असतो, म्हणजे नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज (धडावर तारा टेकतात तो भाग) ही मोकळ्या तारेची लांबी. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत बोटं ताणायची तर त्यावर साधारण १३ सेंटिमीटर अंतर पडतं. ३० इंची शॉर्ट स्केलवर साडेअकरा. शाळकरी मुलांसाठी किंवा लहान हातासाठी हा फरक मोठा आहे. दुकानदाराला स्केल सांगता आली नाही तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत टेप लावा आणि दुप्पट करा. १७ इंच भरलं की स्केल ३४.

२. सोबत काय न्यायचं

– स्वतःची चांगली केबल (दुकानातली केबल हलवली की खरखरते आणि दोष बेसवर जातो)
– क्लिपचा ट्यूनर; मोबाईलचं ॲप गजबजाटात खालच्या स्वरांवर भरकटतं
– नवी ९ व्होल्टची बॅटरी (काही बेसमध्ये बॅटरीवर चालणारं सर्किट असतं)
– शिवणाचा टेप, छोटी स्टीलची पट्टी, एक व्हिजिटिंग कार्ड
– कान झाकणारे हेडफोन
– वापरलेला बेस बघायचा असेल तर मल्टिमीटर
– शक्य झालं तर एक मित्र, तोही थोडंफार वाजवणारा

येताना मागून घ्यायचं: मॉडेलचं नाव आणि सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमी-जास्त करणारी सळई) आणि ब्रिजच्या ॲलन की, म्हणजे षटकोनी चाव्या. या चाव्या खोक्याच्या तळाशी राहून जातात. घरी आल्यावर त्याच मापाची चावी शोधण्यात आठवडा जातो.

३. वायर जोडण्याआधी लाकूडकाम आणि लोखंड बघा

बेस मांडीवर आडवा घेऊन ब्रिजकडून नेकवर नजर टाका. नेक किंचित पुढे झुकलेला हवा, पिळलेला अजिबात नको. ‘ई’ तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड तिथे अलगद सरकलं, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर फट आहे, तर उत्तम. फट जास्त असेल तर ट्रस रॉड फिरवून दुरुस्त होते, म्हणून तेवढ्यासाठी बेस नाकारू नका. पिळलेला नेक मात्र रॉडने सरळ होत नाही. तो तिथेच सोडा.

मग नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं खरवडत असतील तर लाकूड वाळून आखडलंय आणि धातू होता तेवढाच राहिलाय. मराठवाड्यातला एप्रिल-मे हा याचा हंगाम. मुंबईच्या दमट हवेत गुळगुळीत लागलेला नेक इथल्या कोरड्या उन्हाळ्यात करवतीसारखा लागू शकतो. कारागीर टोकं घासून देतो, खर्च फार नसतो, पण दुकानातच टोकं बोचत असतील तर घरी आणखी बोचतील हे धरून चाला.

ट्यूनिंगच्या खुंट्या फिरवताना मध्येच रिकामा फेरा जाणवतो का, जॅकची (केबल खोचायच्या खाचेची) नटबोल्ट ढिली आहे का, हेही बघून घ्या. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. बेसचं डोकं (खुंट्यांकडचं टोक) जमिनीकडे झुकलं तर कार्यक्रमभर डाव्या हाताने नेक उचलून धरावा लागेल. वजन साडेतीन ते साडेचार किलोच्या आसपास असतं. दोन तास उभं राहून वाजवणाऱ्याला त्यातला अर्धा किलोही कळतो. पट्टा रुंद घ्या, तीन इंची.

४. पिकअप ओळखा, कारण आवाजाचा मोठा वाटा तिथे आहे

हलगीच्या मध्यावर थाप पडली की आवाज भरदार येतो, तीच काठी कडेला बसली की ‘तड’. कातडं तेच, माणूस तोच, जागा बदलली. बेसच्या तारेचं तसंच आहे, आणि तिचं कंपन पकडून विजेत बदलतो तो पिकअप. नेककडे तार रुंद हेलकावे घेते, तिथला पिकअप गोल, घुमणारा आवाज पकडतो. ब्रिजजवळ तार ताठ असते, तिथला पिकअप टोकदार, थोडा नाकातला आवाज पकडतो. म्हणून दोन बेस बघताना आधी पिकअप कुठे बसवलाय ते बघायचं, नाव नंतर वाचायचं.

पी ढंग. लिओ फेंडरच्या कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. उभ्या डबल बेसला फ्रेट नसतात, याला होते आणि स्वर नेमका लागायचा, म्हणून हे नाव. आज दिसणारा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासूनचा: एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. दोघांचं वेटोळं एकमेकांची घरघर मारेल असं जोडलेलं असतं. आवाज मधल्या भागात (ना फार खर्जात, ना फार वर) भरलेला, ढोलकी-कीबोर्डच्या गर्दीतही हरवत नाही. एक व्हॉल्यूम, एक टोन, विषय संपला.

जे ढंग. जॅझ बेस १९६० चा. दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन. नटपाशी नेक अरुंद, साधारण ३८ मिलिमीटर. पी जातीत तो ४१ ते ४४ पर्यंत भरतो. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की आवाज स्वच्छ होतो आणि मधला भाग थोडा मागे जातो. एकच उघडला तर आवाजाला धार येते, सोबत घरघरही येते. ती या जातीचा स्वभाव आहे, बिघाड समजू नका. दोन्ही पुन्हा पूर्ण उघडले की ती विरते, कारण दोन्ही कॉइल उलटसुलट गुंडाळलेल्या असतात.

पीजे म्हणजे पुढे पी, मागे जे. यामाहाचा टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझचा जीएसआर २०० हे सुरुवातीच्या किमतीतले बेस याच मांडणीचे. नवख्याला दोन्ही चवी एकाच बेसवर कळतात. फक्त मागचा पिकअप बहुतेक वेळा पुढच्यापेक्षा दबका वाटतो, तो उंचीने जुळवून घ्यावा लागतो.

ब्रिजकडे मोठा हंबकर (घरघर मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप) आणि आत बॅटरीवर चालणारं सर्किट ही मांडणी म्युझिक मॅन स्टिंगरेने १९७६ मध्ये आणली. खणखणीत, ठसकेबाज आवाज. अंगठ्याने ठोकून वाजवणाऱ्यांना आवडतो, जुन्या गाण्यांच्या मऊ साथीला तो आवरून वाजवावा लागतो.

५. आता वायर जोडा; इथेच लोक फसतात

कानाला मोठा आवाज चांगला वाटतो. दोन बेसमध्ये एक किंचित मोठा वाजत असेल तर तोच ‘टोनदार’ वाटणार, मग आत काहीही असो. बॅटरीवरचे ॲक्टिव्ह बेस बहुधा जास्त जोरात वाजतात, त्यामुळे दुकानात पहिली पसंती तेच मारून नेतात. म्हणून तुलनेआधी हे सगळं करून घ्या:

दोन्ही बेस एकाच बेस ॲम्पवर, एकाच केबलने, आळीपाळीने. साध्या गिटारच्या ॲम्पवर तुलना करू नका. खालचा भाग त्यातून येत नाही आणि मोठ्या आवाजात त्याचा स्पीकरही दुखावतो. ॲम्पचे बास, मिडल, ट्रेबल बारा वाजता, म्हणजे नॉबची खूण सरळ वर, ठेवा. बेसचे सगळे नॉब पूर्ण उघडा. ॲक्टिव्ह असेल तर त्याचे बास-ट्रेबल मधल्या खाचेत, आणि तुमची नवी बॅटरी आत. बॅटरी उतरलेली असली की आवाज फाटतो, गुदमरतो, आणि चांगल्या बेसवर उगाच फुली पडते. दोन्ही बेस सुरात लावा. मग मित्राला वाजवायला सांगून ॲम्पच्या व्हॉल्यूमवर दोघांचा जोर सारखा करा.

दुकानातल्या तारा हा सगळ्यांत मोठा चकवा. एकावर नव्या, दुसऱ्यावर दोन वर्षं धूळ खाल्लेल्या असतील तर तुम्ही तारांची तुलना करताय. नखाने तार खरवडून बघा: करकरीत आवाज आला तर ताजी, बोटाला काळं लागलं तर मेलेली. शक्य असेल तर तारा बदलून मागा. नाहीतर मेलेल्या तारांच्या बेसला चमक कमी म्हणून गुण कापू नका. तारांची जातही बघा. वेटोळ्यांचे वेढे बोटाला जाणवतात त्या राउंडवाउंड, गुळगुळीत लागतात त्या फ्लॅटवाउंड. फ्लॅटवाउंडचा आवाज डग्ग्यासारखा ठोस आणि लवकर विरणारा असतो.

आता पाठ फिरवून उभे राहा. मित्र दोन्ही बेसवर हेच चार प्रकार वाजवेल, कोणता बेस आहे ते न सांगता:

मोकळी ‘ई’ तार छेडून सोडून द्यायची आणि मनात आठ मोजायचे. आवाज एकसारखा उतरतो की मध्येच खचतो?

‘ए’ स्वर आधी मोकळ्या तारेवर, मग ‘ई’ तारेच्या पाचव्या फ्रेटवर. स्वर तोच, ५५ हर्ट्झ. जाड तारेवरचा थोडा बोजड, गोलसर येणारच. पण दोन्ही वेगळ्याच वाद्यांवर वाजल्यासारखे वाटले तर तारा किंवा पिकअपची उंची बिघडलेली आहे.

‘जी’ तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर, सारख्या जोराने. पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा स्वर चटकन मरतो. तिथे नेक स्वतःच त्या कंपनाला थरथरतो आणि तारेची ताकद खाऊन टाकतो. स्क्रूने जोडलेल्या लांब मेपल नेकच्या बेसमध्ये हे इतकं सर्रास आढळतं की थोडंफार चालवून घ्यावं. दोन सेकंदांत स्वर संपत असेल तर मात्र दुसरा नग मागा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत हा फरक पडतो, म्हणून ‘हाच पीस पॅक करा’ असं ठणकावून सांगायचं. डेमो एक आणि पॅक दुसरा हे फार चालतं.

शेवटी तुमच्या नेहमीच्या गाण्याचा ठेका, बोटांची जागा न हलवता. हात ब्रिजकडे पाच सेंटिमीटर सरकला तरी आवाज इतका बदलतो की दोन लाकडांतला फरक त्यात बुडून जातो.

कागदावर खुणा करा, मग वळून बघा. किंमत आणि रंग तोवर कोणी सांगायचा नाही.

६. घरघर आणि झटका

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर ठीक. ब्रिजपर्यंत अर्थची वायर पोचली आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली जोडणी उलटी किंवा तुटलेली असू शकते.

मुंग्या आल्यासारखं झालं किंवा माईकला ओठ लागताच चटका बसला तर वाजवणं ताबडतोब थांबवा. दोष बेसचा क्वचित असतो. मंडपातली तात्पुरती वायरिंग, जनरेटर, तिसरी पिन मोडलेला प्लग, अर्थिंगचा पत्ता नाही, अशा ठिकाणी ॲम्पच्या पत्र्यावर वीज उतरते आणि केबलमधून थेट तुमच्या तारांवर येते. कार्यक्रमाआधी टेस्टर बेसच्या ब्रिजला आणि माईकच्या जाळीला लावून बघा. दिवा लागला तर आधी लाईटवाल्याला गाठा. ॲम्पची अर्थची पिन काढून घरघर घालवायचा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका.

७. लाकडावर फार डोकं शिणवू नका

इलेक्ट्रिक बेसचा पिकअप चुंबकाच्या क्षेत्रात हलणारी लोखंडी तार ऐकतो. लाकडाचा परिणाम असतो, पण तारा, पिकअपची जागा आणि तुमचा हात यांच्यानंतर. ‘बासवुड’ नाव ऐकून त्यात जास्त बेस येत असेल असं समजणारेही भेटतात. ते हलक्या, मऊ लाकडाच्या झाडाचं नाव आहे, खर्जाशी त्याचा संबंध नाही.

फिंगरबोर्डवर लॉरेल लिहिलेलं दिसलं तर ‘रोजवूड नाही’ म्हणून नाक मुरडू नका. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. २०१७ मध्ये शिसवीच्या जातीच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आली तेव्हा कंपन्या अशा लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, तरी स्वस्त बेसवर लॉरेल टिकून आहे. चांगलं लाकूड आहे, कोरडं मात्र लवकर पडतं. त्याला फिंगरबोर्डचं लेमन ऑइल लावायचं, वर्षातून एक-दोनदा, दोन थेंब. लेमन ऑइल म्हणजे लिंबाचा रस नव्हे, आणि खोबरेलही नको. ते लाकडात मुरून खवट होतं. वार्निश असलेल्या मेपलच्या बोर्डला काहीच लावू नका.

८. वापरलेला बेस घेताना

पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली पडलेले खड्डे बघा. खोल असतील तर फ्रेट घासण्याचा किंवा बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. मालकाच्या परवानगीने ट्रस रॉड पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवून बघा. तो गोल गोल फिरत असेल किंवा गंजून जाम असेल तर सौदा नको.

पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) बेसच्या जॅकमध्ये केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा, व्हॉल्यूम पूर्ण. पी पिकअप साधारण १० ते ११ किलोओहम दाखवतो. जे ढंगात एक व्हॉल्यूम बंद करून दुसरा मोजला की ७ ते ८. काहीच आकडा आला नाही तर कॉइल किंवा वायर तुटली आहे. ॲक्टिव्ह बेसवर ही चाचणी लागू पडत नाही. नॉब फिरवताना होणारी खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, ते भाव कमी करायचं चांगलं निमित्त.

मूळ बिल मागा. नसेल तर विकणाऱ्याकडून सीरियल नंबर टाकून सहीची पावती लिहून घ्या.

९. घरी आणल्यावर

एसटीत टपावर किंवा डिकीत बेस टाकू नका, रेल्वेत वरच्या बर्थवर तुमच्या डोक्याशी ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही. घरी आल्यावर पिशवीतून काढून दोन-तीन दिवस इथल्या हवेत राहू द्या, मगच सेटिंगला हात लावा. क्रम मोडायचा नाही:

आधी सुरात लावणं. मग ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेक सरळ होतो. मग बाराव्या फ्रेटवर तारांची उंची: ‘ई’ २.४ मिलिमीटर, ‘जी’ २ मिलिमीटर, तिथून तुमच्या हाताप्रमाणे. मग पिकअप. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर जाड बाजूला ३.२ आणि बारीक बाजूला २.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. फार जवळ आणलं तर चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डळमळतो.

सगळ्यांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही स्वर सुरात येणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट अलगद टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे, नेकपासून दूर. उतरा येत असेल तर पुढे. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावूनच तपासा.

ॲक्टिव्ह बेसची केबल वाजवून झाल्यावर काढून ठेवा. केबल आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते, बेस कोपऱ्यात उभा असला तरी. नेक मृगाचे पाऊस सुरू झाल्यावर एकदा आणि थंडी सरल्यावर एकदा, व्हिजिटिंग कार्ड घेऊन तपासायचा.